त्रिनिदादचा कार्निव्हल, गुरुवार ते बुधवार

कार्निव्हल म्हटलं की आपल्याला पणजीतला किंग मोमो आठवतो, फार तर रिओ. त्रिनिदादचं नाव निघतं ते क्रिकेटच्या गप्पांत. पण लंडनचा नॉटिंग हिल घ्या किंवा टोरांटोचा कॅरिबाना, ही सगळी त्रिनिदाद आणि आसपासच्या बेटांवरून बाहेर पडलेल्या माणसांनी सोबत नेलेली पिलावळ. माझी मावसबहीण टोरांटोला असते. कॅरिबाना बघून बघून तिला मूळ ठिकाण पाहायची हौस आली आणि तिनं मलाही भरीस घातलं.

ईस्टरआधीचा लेंटचा उपवासकाळ ज्या बुधवारी सुरू होतो, त्याच्या आदले दोन दिवस म्हणजे मुख्य कार्निव्हल. गोव्याचंही गणित हेच. तारीख ईस्टरबरोबर पुढेमागे सरकते. बहुतेक वेळा फेब्रुवारी, कधी मार्चची सुरुवात. गंमत म्हणजे हा सोमवार आणि मंगळवार सरकारी सुट्टीचे नाहीत. कामावर मात्र कुणी जात नाही, आणि कुणी विचारतही नाही.

गुरुवार

मुंबईहून थेट विमान नाही. मी लंडनमार्गे गेले, ताई टोरांटोहून आली. घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. सामान भरताना एक लक्षात ठेवा: लष्करी छापाचे कपडे नेऊ नका. त्रिनिदादमध्ये सामान्य माणसानं ते घालणं कायद्यानं गुन्हा आहे.

पोर्ट ऑफ स्पेनच्या वुडब्रुक भागात खोली घेतली होती. या आठवड्यात खोल्यांचे भाव दुपटी-तिपटीनं चढलेले असतात, पण वुडब्रुकला राहिलं की बरंचसं चालत गाठता येतं, आणि रस्ते बंद असताना त्याची किंमत कळते. पोचल्या पोचल्या पोटाची सोय कोपऱ्यावरच्या डबल्सवाल्याकडे. मैद्याच्या हळद घातलेल्या, तळलेल्या दोन मऊ पुऱ्या (त्यांना ते ‘बारा’ म्हणतात), मध्ये छोल्यांचा रस्सा, वर चिंचेची चटणी, काकडी आणि कैरीच्या किसाचं लोणचं, त्याला ते कुचला म्हणतात. सगळं कागदात गुंडाळून हातात. उभ्यानं खायचं, रस मनगटावर ओघळू द्यायचा. तिखटाचं प्रमाण आधीच सांगायचं असतं. त्यांच्या मिरचीपुढे आपला ठेचा सौम्य आहे, हे मी अभिमान गिळून लिहिते.

संध्याकाळी ट्रॅगरीट रोडवर गेलो. एका बाजूला क्वीन्स पार्क ओव्हल. मार्च 1971 मध्ये सुनील गावसकर इथेच पहिली कसोटी खेळले, भारतानं वेस्ट इंडीजला पहिल्यांदा हरवलं तेही इथेच. त्या मालिकेत त्यांनी 774 धावा केल्या आणि लॉर्ड रिलेटर या गायकानं त्यांच्यावर कॅलिप्सो, म्हणजे तिथल्या पद्धतीचं गाणं, रचलं. पाहुण्या फलंदाजानं आपल्या गोलंदाजांची पिसं काढली म्हणून त्याच्यावर गाणं करणारी माणसं मला त्याच क्षणी आवडली होती.

ओव्हलसमोर इन्व्हेडर्सचं पॅनयार्ड आहे. पॅनयार्ड म्हणजे स्टीलबँडची सरावाची जागा: उघडं अंगण, वर पत्रे, चाकांच्या लोखंडी मांडण्यांवर ओळीनं लावलेली पॅन्स, म्हणजे तेलाच्या पिंपांपासून केलेली वाद्यं. आत जायला तिकीट नाही, आमंत्रण लागत नाही. शनिवारी पॅनोरमा या स्टीलबँडांच्या स्पर्धेची अंतिम फेरी, त्यामुळे सगळ्याच पॅनयार्डांत रात्री उशिरापर्यंत सराव चालू. पुण्यात गणपतीआधी नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो, तशीच ही गर्दी: ऑफिसचे कपडे न बदलता आलेल्या बाई, शाळेच्या दप्तरासह आलेला मुलगा, पांढऱ्या दाढीचे काका. पुढ्यात कागद कुणाच्याच नव्हता. अरेंजर, म्हणजे गाण्याची मांडणी बांधणारा, एक ओळ तोंडानं म्हणून दाखवतो, विभागप्रमुख ती वाजवतो, मग शंभर माणसं तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत राहतात. आठ मिनिटांची अख्खी रचना अशी कानावरून हातात उतरते.

माझ्यासमोर एक चौदा-पंधरा वर्षांची मुलगी टेनर पॅनवर होती. नाव टेनर असलं तरी सर्वांत वरच्या पट्टीचं पॅन हेच. तिच्या पॅनच्या आतल्या वाडग्यावर खडूनं सुरांची अक्षरं लिहिलेली. रबराची टोकं लावलेल्या दोन छोट्या काड्या अक्षरांवरून इतक्या भराभर फिरत होत्या की खडू उडत होता. तिच्यामागे बास वाजवणारा तरुण उंच पिंपांच्या कोंडाळ्यात उभा. एका पिंपावर तीनचारच सूर मावतात, म्हणून हा कमरेतून गर्रकन वळून मागचं पिंप गाठतो. मध्यभागी ज्याला ते इंजिन रूम म्हणतात ती मंडळी: ड्रम, कोंगा, आणि मोटारीच्या ब्रेकचं जुनं डबडं लोखंडी सळईनं बडवणारे दोघे. त्या लोखंडाच्या ठणठणाटावर सगळा बँड तालात राहतो. अरेंजरनं हात वर केला की शंभर माणसं एका क्षणात गप्प. मग तो म्हणायचा, पुन्हा.

रात्री एकपर्यंत आम्ही हललो नाही. ताईचं अजून मत होतं की खरी मजा मंगळवारची.

शुक्रवार

पहाटे पावणेचारला उठून पिकॅडिली ग्रीन्सला. दर वर्षी कार्निव्हलच्या शुक्रवारी इथे अंधारातच कांबूले हे मैदानी नाटक होतं. 1881 च्या कॅनबुले दंगलीचं ते नाट्यरूप.

इतिहास थोडक्यात असा. 1783 नंतर फ्रेंच मळेवाले या बेटावर आले आणि त्यांनी आपले मुखवट्यांचे नाच आणले. गुलामांना त्यात जागा नव्हती. 1838 मध्ये पूर्ण मुक्ती मिळाल्यावर त्यांनी रस्ताच ताब्यात घेतला. उसाच्या मळ्याला आग लागली की गुलामांना रात्री-अपरात्री हाकून नेत. त्याची नक्कल म्हणून मशाली, ढोल, लाठ्या घेऊन मिरवणूक, तीच कॅनबुले. इंग्रज सरकारला हे खुपायला लागलं. 1881 मध्ये पोलीसप्रमुख कॅप्टन बेकरनं मशाली विझवायला माणसं उतरवली आणि लाठीवाल्यांनी त्यांना तुडवलं. तीनच वर्षांत मशाली आणि ढोल यांवर बंदी आली.

नाटकात ढोल काढून घेतल्याचा प्रसंग येतो तेव्हा प्रेक्षकांतून हुर्यो उठते, जणू कालच घडलं. चामड्याचा ढोल नाही तर बांबू: कापलेल्या बांबूच्या नळ्या जमिनीवर आपटून ताल धरायचा, त्याला टांबू बांबू म्हणत. पुढे बांबूवालेही पोलिसांच्या डोळ्यांत आले. मग 1930 च्या दशकाच्या अखेरीस पोरांनी बिस्किटांचे डबे, रंगाचे डबे, कचऱ्याच्या पेट्या बडवायला घेतल्या. डब्याला पोचा पडला की सूर बदलतो हे कुणाच्या तरी कानानं टिपलं. महायुद्धानंतर 55 गॅलनची तेलाची पिंपं हाताशी होती, बेट तेलाचंच. त्यांतून आजचं पॅन आलं. ते वाजवणारे बराच काळ गुंड समजले जात. 1951 मध्ये निवडक वादकांचा एक बँड लंडनच्या फेस्टिव्हल ऑफ ब्रिटनला गेला आणि तिथल्या टाळ्यांनंतर घरच्या प्रतिष्ठितांनाही हे वाद्य आवडायला लागलं. 1992 मध्ये ते राष्ट्रीय वाद्य झालं, आणि 2025 मध्ये तर देशाच्या बोधचिन्हावरची कोलंबसाची तीन जहाजं काढून तिथे स्टीलपॅन ठेवायचा कायदा झाला.

उन्हं वर आल्यावर झोपलो. दुपारी परत एका पॅनयार्डात डोकावलो तर ट्यूनर एकेका पॅनला शेवटचा हात देत होता. पिंपाचं तोंड घणानं ठोकून वाडग्यासारखं खोल करणं, सुरांच्या जागा आखून उठाव देणं, बाजू कापणं, आगीवर तापवणं ही जड कामं आधीच झालेली. आता छोट्या हातोडीचा खेळ. सूर वाजवायचा, कान जवळ न्यायचा, खालून एक टिचकीएवढा ठोका, पुन्हा वाजवायचं. एका सुराला त्याच्या वरच्या सप्तकातला सूरही आत मिळालेला लागतो, नाहीतर आवाज डब्यासारखा येतो. माझा प्रश्न त्यानं ऐकला, पण उत्तर हातोडी खाली ठेवून दिलं. वाजत्या पत्र्यावर बोलायचं नसतं बहुतेक.

शनिवार

सकाळी शहरात लहान मुलांची मिरवणूक. कागदाचे पंख, पुठ्ठ्याचे मासे, घामेजलेल्या आया बाटल्या घेऊन मागे. पिसांच्या कारखानी पोशाखांपेक्षा हातानं केलेलं काही पाहायचं असेल तर ही सकाळ सोडू नका.

रात्री क्वीन्स पार्क सव्हाना या मोठ्या मैदानावर पॅनोरमा. स्पर्धा 1963 पासूनची, म्हणजे स्वातंत्र्याच्या पुढल्याच वर्षापासून. मोठ्या बँडात 120 पर्यंत वादक, प्रत्येकाला आठ मिनिटं, एकच गाणं, पण अरेंजरनं ते उलटंपालटं करून, मंद करून, दुसऱ्या पट्टीत नेऊन, शेवटी असं सोडायचं की समोरचा उभा राहील. मला मात्र मंचाइतकाच मंचामागचा रस्ता आवडला. चाकांच्या मांडण्या हातांनी ढकलत आणतात. वादकांचे नातलग, गल्लीतली पोरं, माजी वादक, सगळे खांदे लावतात. आपली पाळी येईपर्यंत रस्त्यावरच, दिव्याच्या खांबाखाली, शेवटचा सराव होतो. तिथे उभं राहिलं की तुम्ही बँडच्या जवळजवळ पोटात असता. प्रेक्षागारातलं तिकीट एकदा घ्या, पण पहिले दोन तास या रस्त्यावर घालवा.

डेस्परॅडोज, ऑल स्टार्स, रेनेगेड्स, फेज टू. ही नावं इथे आपल्या गल्लीच्या अभिमानानं घेतली जातात. मूळचे हे बँड वस्त्यावस्त्यांचे, आणि एके काळी त्यांच्यात दगडाबाटल्यांच्या लढाया होत. आता ती खुन्नस गुणपत्रिकेवर निघते. मध्यरात्र उलटून गेल्यावर एक बँड शेवटच्या मिनिटाला आला, बास आणि लोखंड दोन्ही चढले, आणि माझ्या शेजारच्या आजी खुर्चीवर उभ्या राहिल्या. ताईनं त्यांची पर्स धरली.

रविवार

रात्री सव्हानावर दिमांश ग्रा म्हणजे कार्निव्हलच्या रविवारचा मोठा कार्यक्रम असतो. आम्ही तो सोडला. झोपही हवी होती आणि दिवसा दक्षिणेकडे जायचं होतं.

30 मे 1845 ला फातेल रझाक हे जहाज हिंदुस्थानातले पहिले करारबद्ध मजूर घेऊन इथे लागलं. 1917 पर्यंत सुमारे दीड लाख माणसं आली. बहुतेक बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातली, काही मद्रासकडची. आज भारतीय वंशाचे लोक हा देशातला सर्वांत मोठा गट आहे, एक तृतीयांशाहून जास्त. मध्य त्रिनिदादच्या उसाच्या पट्ट्यात अंगणोअंगणी रंगीत झेंड्या दिसतात. कारापिचैमाला 85 फुटी हनुमान. आणि तिथून जवळ, वॉटरलू गावी, समुद्रात देऊळ.

सेवदास साधू नावाच्या मजुरानं 1947 मध्ये किनाऱ्यावर देऊळ बांधलं. जमीन साखर कंपनीची. देऊळ पाडलं गेलं, त्यालाही तुरुंगात टाकलं. सुटल्यावर त्यानं ठरवलं की समुद्र काही कंपनीच्या मालकीचा नाही. सायकलीवर आणि बादल्यांतून दगडमातीचा भराव वाहून नेत त्यानं वर्षानुवर्षं पाण्यात वाट टाकली आणि टोकाला देऊळ उभं केलं. लाटांनी ते झिजलं. 1990 च्या दशकात सरकारच्या मदतीनं नव्यानं बांधलं. ढोल हिसकावल्यावर बांबू उचलणाऱ्यांचाच हा देश, एवढंच तिथे उभं राहून वाटलं.

परतताना एका घरासमोर लग्नाचा तासा चालू होता. ताशाच, मातीच्या भांड्यावर बकऱ्याचं कातडं. वादकांनी अंगणात जाळ केला होता आणि मधूनमधून तासे त्यावर धरून तापवत होते. कातडं ताणलं की आवाज पुन्हा कडक. गाडी थांबवून बराच वेळ ऐकलं. हा तासा इथे मुहर्रमच्या मिरवणुकीतून रुजला. तिला होसे म्हणतात, आणि ऑक्टोबर 1884 मध्ये, ढोलबंदीच्याच वर्षी, सान फर्नांडोला त्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला. निदान सोळा माणसं मेली. पुढे 1970 च्या दशकात गारफील्ड ब्लॅकमन, म्हणजे रास शॉर्टी, या भारतीय शेजारात वाढलेल्या गायकानं कॅलिप्सोत ढोलक आणि दांडताल या लोखंडी सळईच्या वाद्याचे ठेके मिसळले आणि सोका हा गाण्यांचा प्रकार जन्माला आला. मंगळवारी ट्रकवरून जे आदळतं, त्याच्या मुळाशी हे आहे.

सोमवार

पहाटे चारला जुव्हे. कार्निव्हलची सुरुवात खरी इथून. पैसे भरून एखाद्या बँडात नाव घालायचं. हा बँड वाजवणाऱ्यांचा नाही, नाचत मिरवणाऱ्यांचा जथा. टी-शर्ट, पेला आणि सोबतीचे पहारेकरी मिळतात. एकटं भटकू नका, पोर्ट ऑफ स्पेन तसं भोळं शहर नाही. टाकून द्यायचे कपडे, बंद बूट, फोन प्लास्टिकच्या पिशवीत, आणि निघण्याआधी सर्वांगाला खोबरेल चोपडायचं. ते का, हे दुपारी न्हाणीघरात कळतं.

गल्लीत काळोख, ट्रकवर संगीत, आणि पिंपात चिखल. दहा मिनिटांत कोण गोरं, कोण काळं, कोण बँकेचा साहेब हे कळायचा मार्ग उरत नाही. कुणी निळा रंग फासतं, कुणी पातळ कोको. एका अनोळखी बाईंनी माझी हनुवटी धरली, दोन बोटं चिखलात बुडवली, कपाळापासून नाकापर्यंत शांतपणे रेघ ओढली, हनुवटी सोडली आणि नाचत पुढे गेल्या. आमच्यापुढे एक पॅनचा बँड होता, ढकलगाडीवर, विजेशिवाय. ट्रकचे भोंगे कानाचे पडदे फाडतात. पॅनमागे चालताना बोलता येतं, गुणगुणता येतं. पूर्वी रस्ता पॅनचाच होता, आता ट्रकनं त्याला ढकलून दिलंय. हे मला पटलेलं नाही. उजाडलं तेव्हा सगळे एकाच मातीच्या रंगाचे झालो होतो आणि नळाशी रांग लागली होती.

दुपारी जुनी सोंगं पाहिली. पडवीएवढ्या टोपीचा मिडनाइट रॉबर शिट्टी फुंकून वाट अडवतो आणि आपल्या पराक्रमाच्या थापा इतक्या जड भाषेत मारतो की पैसे देऊन सुटका करावी लागते. डेम लोरेन म्हणजे मळेवाल्यांच्या बायकांची टर, पुढून मागून उशा कोंबलेली. उंच काठ्यांवर चालणारे मोको जंबी दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतल्या पोरांशी हात मिळवतात.

संध्याकाळी उत्तरेच्या डोंगरातल्या पारामिन गावी निळे सैतान. पूर्वी कपड्यांची नीळ फासत, आता रंगही वापरतात. तोंडातून लाल पाणी गळतंय, कुणी आगीचा लोळ फुंकतंय, मागे डब्यांचा खडखडाट, आणि पैसे काढेपर्यंत सैतान हलत नाही. माझ्यासमोर एक सहाएक वर्षांचा निळा सैतान आला, शेपटी सावरत. त्याला नोट दिली. त्यानं ती नीट घडी करून बाजूला उभ्या आईकडे सुपूर्द केली आणि परत येऊन माझ्यावर गुरगुरला.

मंगळवार

ताईचा दिवस. बिकिनी, मणी, खांद्यावर पिसांची पाठराखण. किंमत सांगितली तर मावशी रागावेल. यात बँडच्या दोऱ्यांच्या आतली जागा, दिवसभराचं खाणंपिणं आणि चालत्या ट्रकवरचं शौचालयही येतं. बँडामागून बँड, एकेकात हजारो माणसं, परीक्षणाच्या ठिकाणांवरून जात राहतात. त्या ठिकाणांवर जे गाणं सर्वांत जास्त वेळा वाजतं, ते त्या वर्षीचं रोड मार्च.

दिसायला सुंदर, यात वाद नाही. पण दोन तासांनी माझ्या डोळ्यांना बँड वेगळे ओळखू येईनात. बरेच पोशाख आता बाहेरदेशी बनून येतात. याच रस्त्यावर 1957 मध्ये जॉर्ज बेली या बँड सजवणाऱ्या कलाकारानं पोशाखांतून आफ्रिकेची राज्यं उभी केली होती. असाच दुसरा कलाकार पीटर मिन्शॉल, त्याच्या महाकाय बाहुल्या इथे माणसाच्या चालीनं चालल्या आणि पुढे बार्सिलोना ऑलिम्पिकच्या उद्‌घाटन सोहळ्यासाठी त्यालाच बोलावणं गेलं. ते आठवून आज तोच तो मण्यांचा साचा पाहणं जरा खटकतं. ताईला विचाराल तर मी कडेला उभी राहून मत बनवलं, म्हणून ते ग्राह्य नाही. संध्याकाळी ती आली ती एक पंख गमावून, आवाज बसलेला, आणि बेहद्द खूश. पुढच्या वर्षीही खेळायचं म्हणते.

रात्री लास लॅप, शेवटची फेरी. बाराच्या ठोक्याला संगीत बंद.

बुधवार

सकाळी चर्चमधून कपाळावर राख लावून बाहेर पडलेली माणसं, आणि दुपारी तीच माणसं मराकास समुद्रकिनाऱ्यावर. डोंगर ओलांडून तासाभराची वाट. आज त्याहून बराच जास्त वेळ लागला, कारण अख्खं शहर तिकडेच निघालेलं. तिथे तळलेल्या पावात तळलेला शार्क मिळतो, वर आपल्याला हव्या त्या चटण्या. त्यांची शॅडो बेनी म्हणजे लांब पानाची रानकोथिंबीर. वास आपल्या कोथिंबिरीचाच, पण चौपट. शाकाहारी असाल तर बटाट्याचा आलू पाय घ्या.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी एवढंच: खोली सहा महिने आधी धरा, आणि पहिल्या खेपेला पोशाखावर पैसे घालण्याऐवजी दोन दिवस आधी पोचून रात्री पॅनयार्डांत घालवा. तिथे पैसे लागत नाहीत.

विमानतळाच्या टॅक्सीत चालकानं विचारलं, पॅनोरमात कोण आवडलं? ताईनं बसलेल्या आवाजात एका बँडचं नाव घेतलं. त्यानं रेडिओ बंद केला आणि पियार्को येईपर्यंत, त्याच्या बँडवर परीक्षकांनी कसा अन्याय केला हे आठ मिनिटांच्या त्या रचनेतली एकेक जागा स्टिअरिंगवर बोटांनी वाजवून दाखवत समजावलं.